बसण्याचं काम

जगात पोट भरण्याचे मार्ग पुष्कळ. कोणी धावून भरतं, कोणी बोलून भरतं, आणि कोणी दुसऱ्याच्या कामात नाक खुपसून मजेत जगतं. बसकाकांनी संसार केला तो बसून. 'बसून खाल्लं' असं आपण ज्यांच्याविषयी तोंड वाकडं करून म्हणतो, त्यांच्या रांगेत मात्र कोणी काकांना ढकलू नये. ते खरोखरच बसत. चित्रकलेच्या शाळेत, एक मोठी खिडकी असलेल्या वर्गात, मधोमध एक लाकडी चौथरा होता आणि चौथऱ्यावर एक खुर्ची. काका त्या खुर्चीत बसत आणि भोवतीची मुलं त्यांना बघून चित्रं काढत. कपडे अंगावर असत, हेही आत्ताच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्यांना तो प्रश्न पडलाय त्यांचं पुढच्या गोष्टीत लक्ष लागेल.

बसकाका हे नाव वर्गातल्या मुलांनी ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचा आपल्या परीने अर्थ लावला. ते रोज सकाळी जिन्यात विचारत, "काय बसकाका, आज कुठल्या मार्गावर?" काका म्हणत, "नेहमीच्याच." गृहस्थ समाधानाने मान डोलावत. एकदा तर त्यांनी एका गाडीच्या उशिराबद्दल काकांकडे तक्रारही केली होती, आणि काकांनी "वर कळवतो" म्हणून ती ऐकून घेतली होती. भल्या माणसाला कशाला खजील करा.

घराच्या खालीच लाँड्री होती आणि ती काकूंची होती, म्हणजे त्यांच्या वडिलांची आणि मग त्यांची. काकू सकाळी इस्त्री हातात घेत ती संध्याकाळीच खाली ठेवत. इस्त्री बसून होत नाही. त्यामुळे एकाचा जन्म बसण्यात चालला होता आणि दुसरीचा उभ्याने, आणि लेक मोठी होईपर्यंत त्या घराला एकच खुर्ची पुरली.

खरी गंमत अशी की तरुणपणी काकांसारखा चुळबुळ्या माणूस शोधून सापडला नसता. ते घरजावई. लाँड्रीतले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम सासऱ्यांनी त्यांना दिलं ते एवढ्याच कारणाने. "जावईबापूंचं एका जागी बूड टिकत नाही," सासरे म्हणत, "तर फिरू देत." तसे ते गठ्ठे घेऊन फिरत असताना एके दिवशी चित्रकलेच्या शाळेचे एप्रन द्यायला त्या खिडकीच्या वर्गात शिरले. वर्गात नव्याने लागलेल्या बाई होत्या, तरुण, घाईत, हातात रंगाचा डबा. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलंही नाही. "आलात? बसा ना, आलेच मी," म्हणाल्या आणि शेजारच्या खोलीत गेल्या.

आता 'बसा' म्हटल्यावर उभं राहायचं नाही, हे काकांना त्यांच्या आईने लहानपणीच शिकवलं होतं. वर्गात नजर टाकली तर सगळी स्टुलं भरलेली. रिकामी अशी एकच खुर्ची, तीही चौथऱ्यावर, मागे पांढरा पडदा. काकांना वाटलं, पाहुण्यांची असणार. मान मिळतोय तर नाही कशाला म्हणा. ते गठ्ठा बाजूला ठेवून वर चढले आणि बसले. त्याबरोबर सगळी मुलं त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली आणि त्यांनी चारकोल उचलले. काकांना वाटलं, आपली कॉलर वाकडी असेल. इतक्यात बाई आल्या, ठरलेला माणूस वेळेवर येऊन बसलाय असं समजून खूश झाल्या, आणि त्यांनी कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर रेकॉर्ड लावली. संगीत चालू असताना उठून जाणं त्याहून वाईट, असा काकांनी विचार केला. ना बसता येईना ना उठता येईना अशा अवस्थेत ते बसून राहिले. रेकॉर्ड संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "फार छान बसता हो तुम्ही."

काकांच्या आयुष्यात त्यांच्या बसण्याचं कौतुक तोपर्यंत कोणी केलं नव्हतं. ठरलेला माणूस कधी आलाच नाही, आणि काका कधी गेलेच नाहीत.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत ऐकत होत्या.

"म्हणजे काम काय?"

"बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. हलायचं नाही."

"हे काम असतं?" काकू म्हणाल्या. त्यांनी बाही उलटली आणि पुढचं काही विचारलं नाही. एवढाच तो प्रश्न, पण तो काकांच्या मनात जो जाऊन बसला तो कायमचा.

बाईंचा शिकवण्याचा एक क्रम होता. वर्षभरात मुलांनी चित्रकलेतल्या सगळ्या नव्या चळवळींमधून पार व्हायचं. काका रात्री जेवताना ताजी खबर देत. "आजपासून दृक्प्रत्ययवाद सुरू झाला."

"कोणाकोणात?" काकू विचारत.

"तसा नव्हे. पुढच्या महिन्यात घनवाद आहे. मग अभिव्यक्तिवाद, मग अतिवास्तववाद."

"सगळे वादच? मग शिकवतात कधी?"

"ह्या मोठमोठ्या चळवळी आहेत म्हणे. जग हलवलंय ह्यांनी."

"आणि तुम्ही?"

"मी चुळबूळसुद्धा करायची नाही."

काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हा त्यांचं नवं नवं लग्न होतं आणि काकांना त्यांना हसवायला फार आवडे.

चळवळी काकांच्या अंगावरून अशा गेल्या. दृक्प्रत्ययवादात त्यांना खिडकीशी बसवत आणि मुलं उन्हावर चिडत, कारण ऊन काकांइतकं स्थिर बसत नसे. त्या चित्रांत त्यांचा एक गाल जांभळा आणि एक हिरवट होई, आणि लांबून पाहिलं की खरंच सकाळ झाल्यासारखं वाटे. अभिव्यक्तिवादात काका भरपेट जेवून सुखात बसलेले असत आणि चित्रात मात्र आक्रोश करत. "इतकं दुःख माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं," ते म्हणत. अतिवास्तववादात एका मुलीने त्यांच्या डोक्याच्या जागी वाफाळती किटली काढली, आणि काकांना ते चित्र सर्वांत जास्त आवडलं, कारण चार वाजले की त्यांच्या डोक्यात खरोखर तेच असे. मग अमूर्त आलं. एकाच्या कागदावर दोन पट्टे, दुसऱ्याच्या कागदावर नुसता तांबडा रंग. काकांनी फेरी मारून सगळे कागद पाहिले आणि बाईंना प्रामाणिकपणे विचारलं, "ह्यात मी कुठेच नाही. तर मी घरी जाऊ का?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर ही मुलं कोणाला वगळणार?"

काकांना ते पटलं आणि ते परत जाऊन बसले.

बाईंना घड्याळाचा राग होता. मुलं चित्राकडे बघायच्या ऐवजी काट्यांकडे बघतात म्हणून त्यांनी वर्गातलं घड्याळ उतरवून ठेवलं होतं आणि वेळ मोजायच्या त्या रेकॉर्डवर. पश्चिमेकडच्या अभिजात संगीताच्या तीन-चारशे वर्षांच्या रेकॉर्ड त्यांच्याकडे होत्या, आणि काका ते सगळे काळ शिकले ते पाठीच्या कण्यातून. झटपट स्केचिंगला बाई बरोक लावत. ते काकांना सर्वांत सोपं जाई. त्यात सगळं कसं पायमशीनवर टीप घातल्यासारखं एका गतीने चालतं. एक सूर पुढे निघाला की दुसरा त्याच्याच वाटेने मागून येतो, कोणी रुसत नाही, कोणी वाटेत थांबून रडत नाही. श्वास आपोआप त्या लयीत पडे आणि अंगाला खाज म्हणून सुटत नसे. त्यानंतरचा क्लासिकल काळ म्हणजे सभ्य माणसांचं घर. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि उठायची वेळ झाली की तसं आधी सुचवायचं. त्या रेकॉर्डला काका शेवट येण्याआधीच मनातल्या मनात चहा गाळायला घेत.

रोमँटिक काळाचं मात्र अवघड. तो लांबलचक बैठकांना. त्यात एकदम दाटून येतं, डोळे वाहायला लागतात, आणि पुसता तर येत नाही. शिवाय ते संगीत संपतच नाही. संपल्यासारखं होतं, काका सुटकेचा श्वास घेणार, तोवर पुन्हा सुरू. 'निघतो, निघतो' म्हणून दारात तासभर बोलत उभे राहणारे पाहुणे असतात ना, तसं. आणि त्यापुढचं विसाव्या शतकातलं पहिल्यांदा लावलं तेव्हा वरच्या मजल्यावर कोणीतरी ट्रंक ओढतंय असं वाटून काकांनी मान वर केली, आणि सगळ्या मुलांची चित्रं बिघडली. पण पुढे पुढे त्यांना त्या संगीतातच गोडी वाटायला लागली. रोमँटिक संगीत सारखं हाताला धरून सांगतं, आता रड, आता हास. हे नवं संगीत काहीच सांगत नसे. त्यात माणसाला आपलं आपण बसता येई.

बसण्यात काय कसब आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी जागच्या जागी एक रेकॉर्डभर बसून बघावं. आधी नाक खाजतं. नाकाकडे लक्ष दिलं नाही तर ते रागावून कानाला सांगतं. मग एक पाय झोपतो. मग आठवतं की आपण दाराला कडी घातली नाही. काकांनी ह्या सगळ्यावर उपाय काढला होता: समोरच्या भिंतीवरची एक जागा धरायची आणि तिथे डोळे ठेवून यायचे, म्हणजे बाकीच्या अंगाला वाटतं की मालक बाहेर गेलेत. माणसं नाकावर माशी बसू देत नाहीत. काकांच्या नाकावर एकदा खरी माशी बसली, आरामात हातपाय घासत बसली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या चित्रांत ती माशीही आली.

काकू शाळेत एकदाच आल्या होत्या. लग्नाला वर्ष झालं नसेल. काका चष्मा विसरले म्हणून त्या तो द्यायला आल्या, आणि घनवादाच्या ऐन मोसमात आल्या. दारात उभं राहून त्यांनी पाहिलं तर खोलीभर आपला नवरा. पण कसा, तर नाक कानाजवळ, दोन्ही डोळे एका गालावर, हनुवटीचे चौकोन, आणि गुडघा छातीत. काकूंनी पदर तोंडात कोंबला. तो पुरला नाही. आधी एक बारीक चीं असा आवाज आला आणि मग त्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा हसायला लागल्या. हसण्याची लागण होते. मुलं हसली, मग काका हलले, मग त्यांचंही हसणं फुटलं. बाई तेव्हा नव्या होत्या आणि वर्ग हातातून जाईल ह्या भीतीने त्या कडक बोलल्या. "ज्यांना ह्यातलं कळत नाही त्यांनी कृपा करून बाहेर थांबावं."

काकूंचं हसू तिथल्या तिथे वाळलं. त्यांनी चष्मा दाराशेजारच्या कपाटावर ठेवला आणि त्या गेल्या. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "उभ्या जन्मात त्या शाळेची पायरी चढणार नाही." आणि उभा जन्म म्हणजे काय ते काकूंइतकं कोणाला ठाऊक असणार. त्या गेल्या नाहीत. काकांनीही बोलावलं नाही. त्या दिवशी आपण बाईंना दोन शब्द सुनावायला हवे होते, असं त्यांना वाटे. पण एक तर ते चौथऱ्यावर होते, आणि दुसरं म्हणजे ते स्वतःही हसत होते.

त्यानंतर घरात शाळेचा विषय निघाला की काकू म्हणत, "बसून तर असता." त्यात राग नसे. दमून भागून आलेल्या माणसाचं ते साधं बोलणं होतं. दिवसभर वाफेत उभं राहिलेल्या बाईला, दिवसभर बसलेला नवरा 'आज पाठ फार दुखतेय' म्हणाला तर ती दुसरं काय म्हणेल? काका मूग गिळून गप्प बसत. त्यांना मुलांनी चांगलं म्हटलं, बाईंनी उत्तम म्हटलं, एका पाहुण्या चित्रकाराने तर पाठीवर थाप मारली. पण जिच्याकडून ऐकायचं होतं तिने काही म्हटलं नव्हतं. तुमचं हे काम आहे आणि ते अवघड आहे, एवढंच त्यांना काकूंच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. माणसाच्या इच्छा किती लहान असतात, आणि त्या किती वर्षं पुरतात.

अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. लाँड्रीत मोठं कपडे धुण्याचं मशीन आलं. बाईंचे केस पांढरे झाले आणि त्यांची निवृत्ती ठरली, आणि काकांचे गुडघे म्हणाले की आम्हीही त्याच दिवशी. मग बाईंनी जुन्या मुलांकडून काकांची चित्रं मागवून त्याच वर्गाच्या भिंतींवर लावायचं ठरवलं. वर्ग नेहमीसारखा चालेल, काका मधोमध शेवटचं बसतील, नवी मुलं त्यांना काढतील, आणि ज्यांना यायचं त्यांनी यावं.

काकांनी घरी ही बातमी सांगितली. काकू म्हणाल्या, "बरं आहे." मग म्हणाल्या, "त्या दिवशी हॉटेलच्या चादरी आहेत." काका म्हणाले, "हो, त्या आहेतच."

त्या दिवशी सकाळी काका खुर्चीतून उठत होते. हल्ली त्यांचं उठणं तीन भागांत होई: आधी पुढे झुकायचं, मग हातांवर भार घ्यायचा, मग देवाचं नाव घेऊन उरलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये ते अडकलेले असताना काकू दारात आल्या.

"हे कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"बसून गुडघे जातात?"

"जातात," काका म्हणाले. "उभं राहून जातात तसेच जातात."

काकूंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्या पुढे आल्या, काखेत हात घालून त्यांनी नवऱ्याला उभं केलं, त्यांची कॉलर सरळ केली आणि खाली लाँड्रीत गेल्या.

दुपारी काका चौथऱ्यावर बसले. बाईंनी रोमँटिक काळातली त्यांच्याकडची सर्वांत लांब रेकॉर्ड काढली, आणि त्या काकांना म्हणाल्या, "आज संपूच नये असं वाटतंय." काकांनी भिंतीवरची जागा धरली. चित्रं त्यांच्या मागे आणि दोन्ही बाजूंना होती, आणि त्यांना दिसत होती फक्त खिडकी आणि तिच्याजवळचा भिंतीचा तुकडा. माणसं येत होती, कुजबुजत होती. मग दाराकडून लेकीचा आवाज आला, आणि त्याच्यामागे खळीचा आणि वाफेचा वास. तो वास त्यांनी झोपेतही ओळखला असता. काकूंनी भर दिवसा लाँड्री बंद केली होती. हे आजवर दोनदाच झालं होतं, लेकीच्या जन्माला आणि लग्नाला.

काकांना मान वळवता येत नव्हती. त्या पाठीमागे फिरत होत्या आणि त्यांना फक्त ऐकू येत होतं. ह्या वेळी ती हसली तर, ते विचार करत होते, हसली तर आपण उठायचं आणि तिच्याबरोबर बाहेर जायचं. आणि ती काहीच न बोलता परत गेली तर? तो विचार त्यांना करवेना.

काकूंची चप्पल दाराजवळच्या चित्रापाशी थांबली. ते हुबेहूब काढलेलं चित्र होतं, त्याला बक्षीसही मिळालं होतं.

"हे कोण गृहस्थ?"

"आई, बाबा आहेत," लेक म्हणाली.

"चल, काहीतरीच. ह्यांच्या तोंडावर एवढा शहाणपणा मी कधी पाहिला नाही."

चप्पल पुढे सरकली. घनवादाची भिंत आली. काकांनी श्वास धरला. बाईंची काठी टेकत टेकत तिकडे गेलेली त्यांनी ऐकली.

"त्या वेळी मी तुम्हाला फार वाईट बोलले," बाई म्हणाल्या. "मला नंतर खूप लागलं ते."

"मी हसलेच तशी," काकू म्हणाल्या. "पण आता बघते तर हे ओळखीचंच आहे. इस्त्रीला शर्ट पसरतो ना आम्ही, तसं. पाठ दिसते, पोट दिसतं, बाही एकीकडे, कॉलर दुसरीकडे, आणि सगळं एकदम. माणसाला अशी इस्त्री करता आली असती तर बरंच काही सुटसुटीत झालं असतं."

बाई हसल्या, आणि काकू हसल्या, आणि ह्या वेळी ते हसणं कोणी थांबवलं नाही. काकांचा श्वास सुटला. मुलांनी नुसतं डोळे वर करून पाहिलं आणि पुन्हा कागदात घातले.

चप्पल आणखी पुढे गेली आणि खिडकीच्या बाजूला येऊन थांबली. आता त्या काकांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात होत्या, अर्ध्या. त्यांच्यासमोर अमूर्तातलं एक राखाडी चित्र होतं: सगळा कागद फिका, आणि खाली डावीकडे कलती झालेली एक जाड काळी रेघ. बस. काकू त्याच्यापुढे इतका वेळ उभ्या राहिल्या की लेकीने विचारलं, "आई, काय गं?"

"हे हे आहेत," काकू म्हणाल्या.

"कोण हे?"

"हे गं. आमचे हे."

बाई जवळ आल्या. "कशावरून म्हणता?"

"मी रात्री लाँड्रीतलं काही सांगत असले ना, की हे असेच बसतात. एका बाजूला कलून. समोर असतात, पण नसतात." त्यांनी बोटाने ती रेघ दाखवली. "आणि मी सांगायची थांबले की लगेच विचारतात, मग पुढे?"

काकांनी भिंतीवरची जागा घट्ट धरली, पण ती हलायला लागली, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. काका हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि शेवटच्या बैठकीची पोझ पार मोडली. वर्गात "अरेरे" झालं. एका मुलीने हातातला चारकोल खाली ठेवला. "काका, माझं निम्मं राहिलंय. आता कोण बसणार?"

"त्यात काय," काकू म्हणाल्या. "मी बसते. बसायचंच तर आहे."

काकांनी आपल्या तीन भागांत उठून त्यांना जागा दिली. काकू चौथऱ्यावर चढल्या, साडी सारखी केली आणि खुर्चीत बसल्या, अशा थाटात की आता हे एकदा दाखवूनच देते. मुलांनी कोरे कागद लावले. बाईंनी रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली.

पहिल्यांदा त्या छान बसल्या. मग त्यांच्या नाकाची शेंडी बारीकशी हलली. मग त्यांची नजर दाराकडे गेली आणि परत आली. चादरी आठवल्या असणार. उजव्या पायाचा अंगठा चपलेत वर-खाली झाला आणि जोराने खाली दाबला गेला. काका एका ईझलच्या मागे उभे राहून बघत होते. आजवर ह्या खोलीत त्यांच्याकडे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी कोणाकडे पाहिलं नव्हतं. आणि घरी काकू कधी एका जागी असत तर ना. आता त्या एका जागी होत्या आणि मोठ्या खिडकीचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. इस्त्री धरून धरून उजवा हात मांडीवर ठेवला तरी मुठीसारखा वाकलेला होता. मनगटावर जुन्या चटक्याचा डाग होता. कानामागचे केस पांढरे झाले होते, हे काकांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून आपण बायकोकडे एक रेकॉर्डभरसुद्धा नीट पाहिलं नाही, ह्याचं त्यांना आश्चर्य वाटलं, आणि ती किती देखणी आहे ह्याचं त्याहून जास्त.

रेकॉर्ड संपल्यासारखी झाली. काकूंचे खांदे सैल पडले. तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली, आणि काकूंच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो ह्या खोलीत फक्त काकांना ओळखीचा होता. त्यांनी मान हलवली नाही. डोळे समोरच ठेवून, ओठ मिटल्यासारखे धरून त्या हळूच म्हणाल्या, "अहो."

"काय गं?"

"फार अवघड आहे हो हे काम."

काकांनी बाहीने डोळे पुसले.

"बोलू नकोस," ते म्हणाले. "तोंड हलतंय."

काकूंनी तोंड मिटलं आणि रेकॉर्ड खरोखरची संपेपर्यंत त्या बसून राहिल्या.